श्रीमान बावर्ची

सोलापूरच्या आमच्या गल्लीत केबलची तार आली, ती सर्वांत आधी शेजारच्या काकूंच्या घरात गेली. झी टीव्ही १९९२च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि १९९३ साली त्यावर ‘खाना खजाना’ आला. कार्यक्रमाची वेळ झाली, की काकूंच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची. काकू वही-पेन घेऊन बसायच्या, माझी अम्मी नुसती पाहायची आणि दारापाशी खुर्चीवर अब्बा. अब्बा लग्नाकार्यांत देगी उतरवणारे बावर्ची.

संजीव कपूर तेव्हा मुंबईत जुहूच्या सेंटॉर हॉटेलात मुख्य शेफ होते. तोवर तारांकित हॉटेलातला शेफ आमच्यासारख्यांना दिसायचा कुठे? मराठी घरात स्वयंपाकाचा अधिकार १९७०पासून कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’कडे. आता एक हसरा पुरुष चमच्याचं माप सांगत घरात आला. काकू म्हणायच्या, ‘‘किती नीट सांगतो हो!’’ दुसरी एखादी म्हणायची, ‘‘सांगायला काय जातंय? एवढं सामान आणायचं कुठून?’’ अम्मीचं मत एवढंच, की हात स्वच्छ आहे त्याचा.

अब्बा मात्र एकदा म्हणाले, ‘‘इसका कभी जलताच नै क्या?’’

सगळे हसले. मला तो प्रश्न पुढे फार दिवस पुरला. पडद्यावरच्या पदार्थाचा ना वास येतो, ना चव कळते. मग प्रेक्षक मत कशावर देणार? हातावर, बोलण्यावर आणि चूक झाली तर ती कशी निभावली त्यावर. अमेरिकेत बोस्टनच्या केंद्रावरून १९६३पासून जूलिया चाइल्ड फ्रेंच स्वयंपाक शिकवत. एका भागात बटाट्याचं धिरडं उलटताना ते शेगडीवर सांडलं. त्यांनी ते गोळा करून पुन्हा तव्यात घातलं. प्रेक्षकांनी सांगता सांगता त्याची अख्खी कोंबडी केली, तीही जमिनीवर पडलेली! चुकणारी बाई लोकांना आपली वाटली.

२०१० साली स्टार प्लसवर ‘मास्टरशेफ इंडिया’ आला. आता स्वयंपाक सामान्य माणसं करत आणि नामवंत शेफ घास घेऊन निकाल देत. आपल्या वतीने चव त्यांनी घ्यायची! मग गप्पांचा विषयही बदलला. पदार्थ कसा झाला यापेक्षा शेफ कुणाला कडक बोलला, कुणावर अन्याय झाला, यावर घराघरात वाद.

‘खाना खजाना’चं नाव आधी ‘श्रीमान बावर्ची’ ठरत होतं आणि कपूर यांच्याच सूचनेवरून ते बदललं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. नवं नाव लोकांच्या तोंडी छान बसलं, यात शंका नाही. पण मी वाचता वाचता थांबलो. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘किरकोळ व्यापार’ असं लिहिलं होतं. अब्बांना मराठी वाचता यायचं. त्यांनी ते वाचलं आणि काही न बोलता सही केली.

लहानपणापासून चुलीपाशीच शिकलेले, दम पुख्तची शान वाढवणारे लखनौचे इम्तियाज कुरेशी यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०१७ साली संजीव कपूर यांना मिळाली. बावर्ची आणि शेफ एकाच यादीत आले. अब्बा तोवर गेले होते. २०२४ साली कुरेशीही गेले.

मध्यंतरी काकूंच्या सूनबाईंनी ती जुनी वही मला दाखवली. टीव्हीवरून उतरवलेल्या पाककृतींत मधेच एका पानावर ‘भाईंची बिर्याणी’ होती. बाकी पानांवर चमचे, वाट्या, मिनिटं. इथे माप नाही. ‘वास बदलला की उतरवावी,’ एवढंच. आणि खाली काकूंच्या अक्षरात : ‘शेजारचे बावर्चीसाहेब यांच्याकडून.’

मी जो शब्द अर्जावर लिहिला नाही, तो काकूंनी लिहून ठेवला होता.