पदपथावरील ठेच-धोके : डेप्थ कॅमेऱ्याने शोध

वर आलेली फरशी, खचलेला पेव्हर ब्लॉक, गटाराच्या चेंबरचे सरकलेले झाकण, झाडाच्या मुळाने उचललेला कर्बस्टोन अशा ठेच लागण्याच्या जागा पृष्ठभागाची उंची मोजून हुडकण्याची पद्धत. साधा कॅमेरा रंग आणि उजेड टिपतो, तर डेप्थ कॅमेरा चित्रातील प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे ते सांगतो. त्यामुळे सावली किंवा तेलाचा डाग खड्डा म्हणून नोंदला जात नाही आणि एकाच रंगाच्या दोन फरश्यांमधली कडही सापडते.

काही कॅमेरे अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकून तिची विस्कटलेली रचना वाचतात, काही प्रकाश परत येण्याचा वेळ मोजतात, तर काही दोन भिंगांतील चित्रांच्या फरकावरून अंतर काढतात. मायक्रोसॉफ्टचा 2010 मधील कायनेक्ट हा पहिल्या प्रकारातला. तो खेळासाठी बनला, पण स्वस्त असल्याने संशोधकांनी उचलला. 2020 पासून ॲपलच्या काही आयपॅड-आयफोनांत सुमारे 5 मीटर पल्ल्याचा लायडार, म्हणजे दुसऱ्या प्रकारातला संवेदक, आहे.

मिळालेल्या बिंदूंतून आधी फुटपाथची सपाटी ठरवतात. त्यासाठी फिशलर आणि बोलेस यांनी 1981 मध्ये मांडलेली रॅन्सॅक ही रीत वापरता येते. सपाटीच्या वर किंवा खाली राहिलेले बिंदू म्हणजे संशयित जागा. अमेरिकेच्या अपंग-सुलभता मानकांत पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरपर्यंतचा उभा फरक चालतो. इतकी बारीक कड दुरून दिसत नाही. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. म्हणून कॅमेरा ढकलगाडीवर, तोंड खाली करून, जमिनीपासून मीटरभराच्या आत बसवणे योग्य.

बीड जिल्ह्यात या पद्धतीची खरी परीक्षा ऊन आणि माती घेतात. दुपारच्या कडक उन्हात अवरक्त ठिपके बुडून जातात, त्यामुळे ठिपक्यांवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची मोजणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच करावी. गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पक्का थर न देता बसवलेले ब्लॉक दरवर्षी हलतात, आज सपाट दिसणारी वाट पुढच्या उन्हाळ्यात तशी राहत नाही. म्हणून मोजणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, अशी दोनदा हवी. पाणी साचलेला खड्डा कॅमेऱ्याला फसवतो. चालणाऱ्यालाही तोच सर्वांत घातक.

महाशिवरात्रीला परळी वैजनाथला येणाऱ्या भाविकांत आणि आषाढीला परळी-अंबाजोगाईमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीत वृद्धही असतात. त्यांच्या वाटांची मोजणी आधी व्हायला हवी.

भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे (आयआरसी 103) फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोग्या फुटपाथचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये येतो असे म्हटले. जिथे हातगाड्या आणि दुकानांच्या पायऱ्यांनी वाट अडली आहे तिथे कॅमेऱ्याला मोजायला सपाटीच उरत नाही, तेव्हा वाट मोकळी करणे हे पहिले काम. नंतर प्रत्येक जागेचे छायाचित्र आणि मिलिमीटरमधील उंची यांची प्रभागवार यादी नगरपरिषदेच्या अभियंत्याच्या हाती द्यावी. दुरुस्तीपर्यंत न पोचणारी मोजणी करू नये.