लिसिस्ट्राटेचा संप

आम्ही आज एका नाटकावर बोलणार, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. आमचा जन्म गिरणी कामगारांच्या सभा, मागणीपत्रे आणि वाटाघाटी यांत गेला. शाळा लवकर सुटली. ग्रीक भाषा आम्हांस येत नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, भाषांतरांतून. तथापि अ‍ॅरिस्टोफेनिसचे ‘लिसिस्ट्राटा’ हे प्रहसन हाती आले तेव्हा वाटले, हा तर आपल्याच धंद्यातला विषय. हे एका संपाचे नाटक आहे.

इसवी सनापूर्वी ४११ साली हे नाटक अथेन्समध्ये झाले. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाला तेव्हा २० वर्षे लोटली होती. दोनच वर्षांपूर्वी सिसिलीवर धाडलेले आरमार आणि सैन्य बुडाले होते. हजारो पुरुष घरी परतले नव्हते. अथेन्सच्या मुलखातच, डेसेलिया येथे, शत्रूचे ठाणे बसले. थ्युसिडिडीस हा इतिहासकार सांगतो की, त्यानंतर २०,००० हून अधिक गुलाम पळाले, आणि त्यांत बहुतेक कारागीर होते. अखेरच्या संकटासाठी राखलेली १,००० टॅलंटची गंगाजळी ४१२ साली काढावी लागली. घरोघरी सुतक असलेल्या या शहराला कवीने हसवायला घेतले.

कथानक थोडक्यात असे. लिसिस्ट्राटा ही अथेन्सची बाई. ती आपल्या शहरातल्या बायकांबरोबर स्पार्टा, थीब्ज, कॉरिंथ अशा शत्रुपक्षाच्या गावांतल्या बायकाही बोलावून घेते. तह होईपर्यंत नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचे नाही, अशी शपथ ठरते. या निम्म्या भागावर सारे जग हसत आले. दुसऱ्या निम्म्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याच वेळी म्हाताऱ्या बायका अ‍ॅक्रॉपोलिस ही टेकडी काबीज करतात. कारण तेथेच सरकारी खजिना आहे. पैशावाचून युद्ध चालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. संपाचा अनुभव असलेल्या कोणालाही हा डाव पटेल. नुसते काम थांबवून भागत नाही. तिजोरीची वाट अडवावी लागते.

मग एक सरकारी अधिकारी येतो. सिसिलीच्या पराभवानंतर नेमलेल्या दहा वृद्ध सल्लागारांपैकी तो एक. बायकांचा युद्धाशी संबंध काय, असे तो विचारतो. त्यावर लिसिस्ट्राटा जे उत्तर देते त्यात या प्रहसनाचा गाभा आहे, आणि तेथे हसू थांबते. ती दुःखाची एकेक जात मोजून दाखवते. पहिले दुःख आईचे : मुलगे जन्माला घालायचे आणि रणावर पाठवायचे. दुसरे पत्नीचे : तरुण वयात वर्षानुवर्षे एकटे राहायचे. तिसरे कोणी मोजतच नाही, ते अविवाहित मुलींचे. पुरुष पिकल्या केसांनी परतला तरी त्याला नवरी मिळते. मुलीचे वय एकदा गेले की गेले. आणखी एक दुःख तिने आधीच सांगून ठेवलेले असते. सभेतला चुकीचा निर्णय घरात कानी येई, तिने काही विचारले की नवरा गप्प बसायला सांगे, आणि न बसल्यास माराची धमकी असे. जखमा फक्त रणात होतात, असे समजणाऱ्या शहराला हा हिशेब नवा होता.

राज्य कसे चालवाल, या प्रश्नावर ती लोकरीचा दाखला देते. लोकर धुवायची, काडीकचरा वेचून टाकायचा, पिंजायची, परके आणि दूरच्या वसाहतींतले धागेही एकत्र गुंडाळायचे, आणि त्या सुताचे जनतेसाठी एक वस्त्र विणायचे. कापड गिरणीशी ज्यांचा संबंध आला त्यांना याहून सोपे राज्यशास्त्र कोण शिकवणार?

अ‍ॅरिस्टोफेनिसला संप किती नेमका कळला होता, ते पुढे दिसते. थोड्याच दिवसांत बायका फुटू लागतात. एकीची लोकर घरी कसर खाते आहे म्हणे. दुसरी पोटाशी देवीचे शिरस्त्राण बांधून बाळंतपणाचे सोंग आणते. असली कारणे आम्ही दाराशी उभे राहून ऐकली आहेत. लिसिस्ट्राटा कोणाला हाकलून देत नाही. समजावते, भविष्यवाणी वाचून दाखवते, आणि फळी टिकवते. शेवटी तह होतो, मेजवानी होते.

प्रत्यक्षात मात्र तह झाला नाही. त्याच वर्षी ४०० जणांच्या टोळीने अथेन्सची लोकशाही मोडली, आणि ४०४ साली शहर शरण आले. रंगमंचावरील बायकांची कामेही पुरुषच करीत. दुःखाच्या त्या यादीत एक जागा रिकामी राहिली, हेही सांगितले पाहिजे. शपथेच्या वेळी एका सिथियन दासीला ढाल खाली ठेवण्याचा हुकूम होतो. तिचे काम तेवढेच. तिला कोणी शपथ देत नाही, तिचे दुःख कोणी विचारत नाही. मालकिणींनी संप केला. दासीला सुट्टी नव्हती.

ही रिकामी जागा आम्हांस दिसली, कारण तसलीच एक आम्ही स्वतः ठेवली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडील संपात होते, आणि आमची आई चाळीच्या खोलीत खानावळ चालवून सहा माणसांना जगवीत होती. भांडी गेली, मग मंगळसूत्र गेले. वडील सभेहून आले की ती विचारी, “अजून किती दिवस?” उत्तर येई, “तुला त्यातलं काय कळतं?”

पुढे आम्ही स्वतः पुढारी झालो. एका लहान कारखान्याच्या संपात एका कामगाराची बायको उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, संपाच्या फंडात घरभाड्याचं काही धरलंय का?” आम्ही म्हणालो, “ताई, तो विषय नंतर.” तो नंतर कधी आलाच नाही. पुष्कळ वर्षांनी हे नाटक वाचताना तो अधिकारी बोलू लागला, आणि त्याच्या तोंडी आम्हांस आमचाच आवाज ऐकू आला. त्या रात्री पुढची पाने वाचवली नाहीत.

म्हणून श्रोत्यांना एवढेच सांगावयाचे. संप असो, लढाई असो, वा गावाचा मोठा निर्णय असो, त्याची किंमत कोण कोण मोजणार याची यादी आधी करावी. आणि ती करताना ढाल धरून उभ्या असलेल्या दासीचे नाव विसरू नये. आमची आई आता नाही. तिच्या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर मात्र आमच्याकडे अजून बाकी आहे.