केंद्र आधी, सीमा नंतर : पांढुर्णा-सौंसर आणि नागपूर आकाशवाणी

आमच्या घरी कोनाड्यातला ट्रान्झिस्टर कधी सरळ ठेवलेला नसायचा. भिंतीला तिरका. कुणी झाडता-पुसता तो सरळ केला की आजोबा उठून पुन्हा तिरका करत आणि म्हणत, "नागपूर नीट नाही लागत मग." लहानपणी मला ही त्यांची लहर वाटायची. पुढे अभियांत्रिकीला गेलो तेव्हा कारण कळलं, आणि नोकरी संपत आली तेव्हा त्या तिरक्या रेडिओत आपल्या भागाचा इतिहासही आहे हे लक्षात आलं. या टिपणात तोच मांडतोय.

आधी थोडं दूर जाऊ. अलास्कात बेरिंग समुद्राच्या काठी नोम नावाचं गाव आहे. बाकीच्या अलास्काशी त्याला जोडणारा रस्ता नाही. आजूबाजूच्या इनुपियाक आणि युपिक लोकांच्या वस्त्या तर त्याहून एकाकी, बहुतेक वेळा विमानानेच गाठाव्या लागणाऱ्या. तिथे 1971 साली कॅथलिक मिशनने केएनओएम नावाचं रेडिओ केंद्र सुरू केलं, मध्यम लहरींवर, 780 किलोहर्ट्झला. रविवारची प्रार्थना आणि जपमाळ असतेच, पण लोक ऐकतात ते हवामान, बातम्या आणि आपल्या भागाची खबरबात यासाठीही. केंद्र मिशनचं, पण ते झालं सगळ्या मुलखाचं.

आपल्याकडे मिशनचं केंद्र नव्हतं, सरकारी होतं. आपण बर्फात नव्हतो, सातपुड्याच्या पायथ्याशी होतो. तरी नोमबद्दल वाचताना मला सारखं नागपूर केंद्र आठवत होतं. एका मोठ्या गावातला मनोरा आणि त्याच्या उत्तरेला, राज्याच्या पलीकडे राहिलेली त्याच भाषेची माणसं, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे.

आता तारखा पाहू. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहाच आकाशवाणी केंद्रं आली होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. सरदार पटेल गृह खात्याबरोबर माहिती आणि नभोवाणी खातंही सांभाळत होते, त्या काळात नवी केंद्रं उभी राहू लागली. नागपूर केंद्र सुरू झालं ते 16 जुलै 1948 रोजी. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, आणि आपला छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. प्रांत हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा, म्हणून केंद्रही दोन्ही भाषांत बोलायचं. 1950 मध्ये प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नव्या मध्यप्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि छिंदवाडा जिल्हा तिकडे राहिला. वाटणी जिल्ह्याच्या हिशेबाने झाली, आणि आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग घाटावरचा, हिंदी-गोंडी बोलणारा. सिल्लेवानीचा घाट उतरून खाली आलं की सौंसरची काळी माती, कापूस, संत्र्यांचे बगीचे आणि मराठी सुरू होते. पांढुर्णा त्या काळी सौंसर तहसीलीतच मोडायचं. जमीन नागपूरच्या मैदानाची, कागद मात्र घाटावरचे, अशी आपली गत झाली.

माझा मुद्दा एवढाच की केंद्र आधीचं आहे आणि सीमा नंतरची. मनोरा उभा राहिला तेव्हा आपण त्याच्याच प्रांतात होतो. आठ वर्षांनी सीमा आखली गेली तेव्हा रेल्वे, कचेऱ्या, शाळांची पुस्तकं सगळ्यांची फेरमांडणी झाली, पण लहरींची करता आली नाही. त्या जशा पोचत होत्या तशाच पोचत राहिल्या.

कशा पोचायच्या, हेही सांगतो, कारण ते समजल्याशिवाय बाकीचं नीट कळत नाही. नागपूरचं मुख्य प्रक्षेपण 585 किलोहर्ट्झवर, म्हणजे लहरीची लांबी जवळजवळ 513 मीटर. इतकी लांब लहर टेकडी आली म्हणून अडत नाही, वळसा घालून जमिनीलगत पुढे सरकते. जमीन ओलसर आणि विजेची चांगली वाहक असेल तर आणखी दूर जाते. आपली काळी माती त्या दृष्टीने बरीच उपकारक. सुरुवातीचा ट्रान्समीटर लहान होता. पुढे तो 300 किलोवॅटचा झाल्यावर सत्तर किलोमीटरवरचं सौंसर किंवा शंभराच्या आसपासचं पांढुर्णा म्हणजे त्याला अंगणच. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, ती सरळ रेषेत धावते आणि डोंगराआड क्षीण होते. एफएम आल्यावर खोऱ्यातली गावं का हिरमुसली, त्याचं उत्तर यात आहे.

नागपूरहून काय यायचं? मराठी बातम्या, बाजारभाव, शेतीचा सल्ला, नाट्यगीतं, भजनं, श्रुतिका. आंबिया बहार की मृग बहार, फवारणी कधी, कळमन्याला भाव काय, हे सगळं आपल्या बोलीच्या जवळच्या मराठीत. पोरं शाळेत हिंदी शिकत, तहसीलीत अर्ज हिंदीत जाई, आणि संध्याकाळी ओसरीवर मराठी ऐकू येई. सौंसरच्या ज्या बाया कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांनी प्रमाण मराठी ऐकली ती बहुतेक याच डब्यातून.

मात्र अतिशयोक्ती नको. आपल्याकडे मराठी रेडिओने टिकवली असं मी म्हणणार नाही. ती टिकली सोयरिकीने, नागपूरच्या बाजाराने, दवाखान्याने, पांढुर्ण्याच्या मोठ्या लायनीने आणि सौंसरच्या छोट्या गाडीने, पोळ्याने आणि गोटमारीने. पण या सगळ्यासाठी माणसाला घराबाहेर पडावं लागायचं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आडरानातले सालदार यांच्यापर्यंत रोज, न बोलावता येणारी मराठी एकच होती. माझ्या मते नोमशी साम्य इथेच आहे.

आता हा काळ सरला. रेडिओचा परवाना 1980 च्या दशकात बंद झाला. 1988 साली नागपुरात राष्ट्रीय वाहिनीसाठी 1000 किलोवॅटचा प्रचंड ट्रान्समीटर लागला, पण तोवर घरोघरी टीव्ही शिरू लागला होता. छोटी गाडी 2015 मध्ये थांबली. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. जिल्ह्याचा इतिहास आता लिहिला जाईल, आणि तो कचेरीच्या कागदांवरून लिहिला गेला तर सगळा भोपाळकडे तोंड करून असेल. ओसरीवर काय ऐकलं जायचं, ते कुठल्याच फाइलीत नाही. ज्यांनी ऐकलं ते आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात परवान्याची जुनी पुस्तिका असेल, श्रोत्यांच्या पत्राला केंद्राकडून आलेलं पोस्टकार्ड असेल, तर रद्दीत घालू नका, फोटो काढून ठेवा. आणि आजीला विचारा, रेडिओ कुठे ठेवायचे आणि कसा ठेवायचे.

हे शेवटचं का, ते सांगतो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक कांडी आडवी असते. केंद्राच्या दिशेला ती काटकोनात असली की आवाज सर्वांत स्पष्ट येतो. म्हणजे रेडिओचं तोंड केंद्राकडे हवं. पांढुर्ण्याहून नागपूर आग्नेयेला. आमच्या कोनाड्याची भिंत दक्षिणेची-उत्तरेची, म्हणून रेडिओ तिरका. आजोबांना फेराइट ठाऊक नव्हतं, कान ठाऊक होता.

नकाशा काढून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पांढुर्ण्याहून भोपाळ वायव्येला आहे, नागपूरच्या जवळजवळ बरोबर उलट. म्हणजे आजोबांच्या रेडिओचं तोंड नागपूरकडे आणि पाठ भोपाळकडे होती. पण त्या कांडीला तोंड आणि पाठ कळत नाही, दोन्ही दिशांचं तिला सारखंच ऐकू येतं. आमच्या घरी भोपाळही लागायचं, हिंदी बातम्यांना. त्यासाठी रेडिओ हलवावा लागत नसे.