ब्रह्मचर्य : घेतलेले आणि लादलेले

ब्रह्मचर्य म्हटले की आपल्याकडे प्रथम आठवण होते ती समर्थ रामदासांची. १६०८ साली जांब गावी जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी 'सावधान' शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेला, ही कथा लग्नमंडपात कोणीतरी थट्टेने सांगतोच. पण अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे पुढे काय झाले, असे विचारणारा श्रोता मात्र विरळा. आजचे विवेचन मला त्या मुलीच्या बाजूने करावयाचे आहे.

तेराव्या शतकातील आपेगावचे विठ्ठलपंत घ्या. पत्नी रुक्मिणीला घरी ठेवून ते काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू आळंदीस आले असता नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, खरा प्रकार उघडकीस आला आणि त्यांनी शिष्याला परत संसारात धाडले, असे परंपरा सांगते. ज्या गुरूने दीक्षा दिली त्यानेच ती परत घेतली. गावाने मात्र ते मानले नाही. संन्यासाला आत जाण्याचे दार होते, बाहेर येण्याचे नव्हते. पतिपत्नींना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चौघांना पैठणच्या ब्रह्मवृंदाने शुद्ध करून घेतले ते आजन्म ब्रह्मचारी राहण्याच्या अटीवर, अशीही कथा आहे. म्हणजे बापाचे ब्रह्मचर्य मोडले म्हणून मुलांवर ते लादले गेले! अट असो वा नसो, चौघेही अविवाहित राहिले, एवढे खरे.

आणि याच ज्ञानदेवांनी १२९० च्या ज्ञानेश्वरीत काय सांगितले? मनातले 'मी' आणि 'माझे' सुटले की घर सोडण्याचे कारण उरत नाही. संन्याशाचा मुलगा म्हणून ज्याला गावाबाहेर राहावे लागले, त्याच्या मुखातून हा विचार आला म्हणजे त्याला वेगळेच वजन येते. पुढे नामदेव, एकनाथ, तुकाराम ही सारी प्रपंचातलीच माणसे. पहाटेची गाडी गाठून, दिवसभर मुंबईत कचेरी करून रात्री हरिपाठ म्हणणारा आपल्या डोंबिवलीचा गृहस्थ त्याच वाटेने चालतो. त्याला आपण कमी प्रतीचा भक्त आहोत असे वाटण्याचे कारण नाही.

मग ब्रह्मचर्य व्यर्थ म्हणावयाचे काय? तसे म्हणता येत नाही, आणि याचे कारण विधवा हे आहे. पुरुषाला जे ब्रह्मचर्य मोठेपणा देई, तेच बालविधवेवर शिक्षा म्हणून येई. १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला, तरी रूढी पुष्कळ काळ हटली नाही. अशा स्त्रीला लग्नाची वाट बंदच होती. उरले होते ते एवढेच, की घराच्या कोपऱ्यात कुढावे किंवा त्याच सक्तीचे व्रत करून घराबाहेर पडावे. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, तेव्हा महदाइसा ही बालविधवा महानुभाव पंथात आली आणि तिच्या धवळ्यांमुळे मराठीला आद्य कवयित्री मिळाली.

सुमारे चारशे वर्षांनी हेच वेणाबाईच्या बाबतीत घडले. मिरजेच्या सासरी लहानपणीच विधवा झालेल्या या मुलीने रामदासांचे शिष्यत्व पत्करले. लोकांनी नावे ठेवली. बोभाट्याला कंटाळून घरच्यांनीच तिला विष दिले, अशी सांप्रदायिक आख्यायिका आहे. ती वाचली आणि समर्थांबरोबर निघून गेली. विधवेने चारचौघांत तोंड दाखवू नये अशा त्या काळात समर्थांनी तिला कीर्तनास उभे केले. तिने 'सीतास्वयंवर' रचले. बोहल्यावरून पळून गेलेल्या पुरुषाने एका विधवेला उभे राहावयास जागा दिली, हे माझ्या मते त्यांच्या ब्रह्मचर्याचे सर्वांत मोठे फळ होय. मिरजेचा मठ समर्थांनी तिच्याकडे सोपविला. तो आजही वेणास्वामींचा मठ म्हणूनच ओळखला जातो.