हरिणकुलातील चिरकारी क्षीणतारोग : उगम आणि प्रसार

रोगाच्या इतिहासात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. रोग प्रथम केव्हा उद्भवला हा एक, आणि तो प्रथम केव्हा दृष्टीस पडला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हाती नसले की दुसऱ्याचे उत्तर नकळत त्याच्या जागी येऊन बसते. उत्तर अमेरिकेतील हरणांना जडणाऱ्या चिरकारी क्षीणतारोगाविषयी असेच घडले आहे. या रोगाचा उगम १९६७ साली फोर्ट कॉलिन्स येथे झाला, असे विधान अनेकदा वाचावयास मिळते. या विधानाचा आधार तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रारंभी संज्ञांचा खुलासा केला पाहिजे. मराठीत ‘हरीण’ हा शब्द चितळ आणि काळवीट या दोहोंसही लावला जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन भिन्न कुले होत. चितळ, सांबर इत्यादींच्या नरांची शाखायुक्त शिंगे ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात; काळविटाची शिंगे कायम राहतात. प्रस्तुत रोग पहिल्या कुलातील प्राण्यांचा आहे. रोगाच्या नावातील मूळ इंग्रजी शब्दास ‘क्षय’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु मराठीत तो एका निराळ्या रोगासाठी रूढ झाला असल्याने येथे ‘क्षीणता’ हा शब्द योजिला आहे.

कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे संशोधनार्थ म्यूल हरणे कुंपणात पाळलेली होती. खेचरासारख्या लांब कानांमुळे या जातीस हे नाव मिळाले. १९६७ च्या सुमारास त्यांतील काही हरणे चारा उपलब्ध असतानाही वाळू लागली. त्यांची मान खाली झुके, कान लोंबत, तोंडातून लाळ गळे आणि अखेरीस ती मरत. निकृष्ट पोषण, विषबाधा किंवा बंदिवासाचा ताण अशी कारणे त्या वेळी संभाव्य मानली गेली. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण संशोधिकेने अशा हरणांच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेव्हा मेंदूत स्पंजासारखी छिद्रे पडलेली तिला आढळली. १९८० मध्ये विल्यम्स आणि यंग यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ या जुन्या रोगाशी या रोगाचे असलेले नाते स्पष्ट झाले.

या रोगसमूहातील नावांचा क्रम उद्बोधक आहे. स्क्रेपी झालेली मेंढी कुंपणावर अंग घासते, म्हणून ते नाव. न्यू गिनीतील फोरे लोकांच्या ‘कुरू’ या रोगनामाचा संबंध कापण्याशी आहे. हरणांच्या रोगाचे नाव अंग झिजण्यावरून पडले. ही तिन्ही नावे डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून आली आहेत. कारणाचा निर्देश करणारे नाव १९८२ मध्ये आले. प्रथिन आणि संसर्ग या अर्थांच्या इंग्रजी शब्दांवरून स्टॅन्ली प्रूझिनर यांनी ‘प्रायॉन’ ही संज्ञा घडविली. प्रायॉन म्हणजे घडी बिघडलेले प्रथिन. ते शरीरातील त्याच जातीच्या निरोगी प्रथिनासही आपल्यासारखे विकृत रूप देते. या संशोधनाबद्दल त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उगमाचा प्रश्न. हरणांनी हा रोग मेंढ्यांच्या स्क्रेपीपासून घेतला, असे एक मत आहे. एखाद्या हरणाच्या शरीरात प्रथिन आपोआप विकृत होऊन रोगास आरंभ झाला, असे दुसरे. यांपैकी कोणतेही सिद्ध झालेले नाही. फोर्ट कॉलिन्सच्या बाजूने पुरावा इतकाच की तेथे जनावरे रोज माणसांच्या नजरेखाली होती. रानात खंगलेले हरीण श्वापदांच्या तोंडी पडते आणि त्याची नोंद होत नाही. शब्दाचा पहिला लिखित उल्लेख हा त्याचा जन्मकाल मानता येत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे. रानातील पहिला रोगी प्राणी १९८१ मध्ये रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात सापडला, आणि तो एल्क होता. रोग कुंपणातून रानात गेला की रानातून कुंपणात आला, हे या कालक्रमावरून ठरत नाही.

प्रसाराविषयी मात्र पुरावा अधिक निश्चित आहे. रोगी प्राण्याच्या लाळेतून, मलमूत्रातून आणि कुजलेल्या शवातून प्रायॉन मातीत मिसळतात व तेथे वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यामुळे शेजारच्या कळपांत रोग हळूहळू पसरतो. लांबच्या उड्या त्याने माणसाच्या साहाय्याने घेतल्या. १९९६ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात पाळीव एल्कमध्ये तो आढळला. २००१ मध्ये कॅनडातून दक्षिण कोरियात नेलेल्या एल्कमध्ये त्याचे निदान झाले. या प्राण्यास दीर्घकाळ लक्षणे दिसत नाहीत. म्हणून विक्रीच्या वेळी धडधाकट दिसणारे जनावर रोग घेऊन समुद्र ओलांडू शकले. २००२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात, पूर्वीच्या रोगक्षेत्रापासून शेकडो किलोमीटर दूर, शिकार केलेल्या तीन हरणांत रोग सापडला. तेथे तो किती वर्षे नांदत होता हे तपासणीपूर्वी कोणासही ठाऊक नव्हते. आज अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांत त्याची नोंद आहे.

२०१६ मध्ये नॉर्वेतील नॉर्डफियेला भागात एका रानटी रेनडिअरला हा रोग झाल्याचे आढळले. युरोपातील ही पहिली नोंद होय. तेथील सुमारे दोन हजारांचा कळप २०१८ पर्यंत समूळ मारण्यात आला. तरीही २०२० मध्ये जवळच्या हार्डांगरविद्दा पठारावर रोगी रेनडिअर सापडले. नॉर्वेत मूस या प्राण्यातही रोग आढळला. ब्रिटिश इंग्रजीत मूसला ‘एल्क’ म्हणतात, तर अमेरिकेत ‘एल्क’ म्हणजे वापिटी. अहवाल वाचताना हा भेद ध्यानात न घेतल्यास दोन भिन्न जातींचा रोग एकच वाटतो. नॉर्वेतील प्रायॉन अमेरिकेतील प्रायॉनांहून गुणधर्माने वेगळे ठरले आहेत. म्हणजे रोगाचा उगम एकाहून अधिक ठिकाणी झाला असण्याचा संभव आहे, आणि सर्व प्रकरणे फोर्ट कॉलिन्सशी जोडणारी वंशावळ येथे अपुरी पडते.

या विवेचनास व्यावहारिक महत्त्व आहे. मनुष्यास हा रोग झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही. तथापि, गाईंच्या तत्सम रोगाची माणसाला बाधा होते हे ब्रिटनमध्ये १९९६ साली उघड झाले, आणि तत्पूर्वी दहा वर्षे तो रोग गाईंत ज्ञात होता. म्हणूनच रोगी ठरलेल्या हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्यखात्यांचा सल्ला आहे. नकाशावरील रिकामी जागा रोगमुक्तीची खूण आहे की तपासणीच्या अभावाची, हे आधी ठरविले पाहिजे. क्षीणतारोगाच्या इतिहासात दुसरी शक्यता वारंवार खरी ठरली आहे.