५७ हजार फोटो आणि दोन मैल लांब चित्र : फाळक्यांची जाहिरात पुरावा म्हणून कशी वाचायची?

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. विम्याच्या पॉलिसीवर काढलेलं कर्ज, लंडनची वारी, घरच्यांची साथ, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला 'राजा हरिश्चंद्र'. ती पुन्हा सांगत बसणार नाही. प्रश्न वेगळा आहे. ही गोष्ट आपल्याला मुळात सांगितली कुणी? आणि सांगताना त्या माणसाला काय हवं होतं?

संशोधनाची तयारी करताय म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यापुढे येणारच. पुष्कळदा आपल्या विषयाचा सगळ्यात बोलका साक्षीदार हाच त्या विषयातला विक्रेताही असतो. मग त्याचं ऐकायचं की नाही?

फाळके सिनेमात येण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, तिथून सुरुवात करू. चिंचवडहून लोणावळा लोकल पकडलीत तर लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. तिथे राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता. फाळक्यांनी त्या छापखान्याची कामं केली, लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला, पुढे तो दादरला हलवला आणि भागीदारांशी पटेना म्हणून त्यातून बाहेर पडले. छापखान्यात माल तयार करणं आणि गिऱ्हाईक धरणं ही कामं हातात हात घालून चालतात. नमुना दाखवल्याशिवाय ऑर्डर येत नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि ती मिनिटाभराची फिल्म पैसे लावू शकणाऱ्यांना दाखवली. आपण तिला 'प्रयोग' म्हणतो. धंद्याच्या भाषेत तो नमुना होता.

म्हणजे चित्रपट पुरा करणं आणि तो खपवणं ही फाळक्यांच्या लेखी दोन वेगळी कामं नव्हती. एकट्याच्या बळावर चित्रपट करणाऱ्याला प्रसिद्धीसाठी वेगळा माणूस परवडत नाही. लक्ष विचलित होऊ न देण्याचा त्यांचा मार्ग असा की, जे करतोय तेच दाखवायचं आणि जे दाखवतोय त्यातून पुढच्या कामाचे पैसे उभे करायचे. इतिहासकाराची पंचाईत इथेच होते, कारण कामाची नोंद आणि कामाची जाहिरात एकाच कागदावर येते.

एक उदाहरण घेऊ. चरित्रांमध्ये सुरतेचा म्हणून एक किस्सा येतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या खेळाला पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. नाटकं तासन् तास चालायची, त्यापुढे हा खेळ लोकांना तोकडा वाटला. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली : ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. लोक लोटले म्हणतात.

आता कागद-पेन घ्या. हा चित्रपट साधारण ३,७०० फुटांचा, चार रिळांचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. गुणाकार करा : ५९,२००. म्हणजे '५७ हजार फोटो' ही थाप नाही, आकडा जवळपास बरोबर आहे. आणि दोन मैल? दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. प्रत्यक्ष लांबीच्या जवळजवळ तिप्पट! एकाच ओळीत एक आकडा कारागिराचा आणि दुसरा फेरीवाल्याचा. जाहिरात आहे म्हणून सगळीच फेकून दिली असती तर पहिला आकडा हातचा गेला असता. सगळीच खरी मानली असती तर दुसऱ्याने फसवलं असतं. शिवाय जाहिरात प्रेक्षकाबद्दलही बोलते. पैशाच्या मोबदल्यात किती मिळालं हे मोजणारा प्रेक्षक समोर होता, म्हणून तर मैल आणि फोटो मोजून दाखवावे लागले.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. फाळक्यांच्या धडपडीची बरीचशी माहिती त्यांच्याच 'भारतीय चित्रपट' या लेखमालेतून येते. ही लेखमाला 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये आली. तारीख बघा. महायुद्ध चालू होतं, भांडवल आटलं होतं, आणि हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली १९१८ मध्ये. म्हणजे त्यागाची, जिद्दीची ही कहाणी फाळके लिहीत होते ते नेमकं पैसा उभा करण्याच्या काळात. चित्रपट स्वदेशी आहेत हा त्यांचा दावाही याच संदर्भात वाचायला हवा. भांडवल, माणसं, कथा इथल्या होत्या हे खरंच. कॅमेरा मात्र विल्यमसन कंपनीचा, इंग्लंडहून आणलेला, आणि कोरी फिल्मही परदेशी. यात फाळके खोटे ठरत नाहीत. स्वदेशी म्हणजे नेमकं काय, याची त्यांची व्याख्या तेवढी आपल्याला कळते.

त्याच सुमाराला, १९१७ मध्ये, त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी छोटी फिल्मही काढली. तिच्यात काम करताना दिसतात ते स्वतः फाळके. 'एकहाती सिनेमा' ही आपल्या डोळ्यांपुढची प्रतिमा बरीचशी अशी घडली आहे. कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई करत होत्या, शिवाय युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाक. त्यांनी लेखमाला लिहिली नाही. म्हणून त्यांचं काम आपल्याला इतरांच्या आठवणींतून वेचावं लागतं. ज्याला प्रसिद्धीची गरज असते त्याचीच कागदपत्रं उरतात, ही गोष्ट कुठल्याही विषयात विसरू नका.

मग चित्रपटच पुरावा मानू, असं म्हणाल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी दोनच रिळं आहेत, आणि तीही १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आपल्याला वाटतं वस्तू पक्की आणि गोष्ट कच्ची. इथे वस्तूचंही वय ठरवावं लागतं.

तेव्हा असा साक्षीदार समोर आला तर आधी तारीख टिपा : हे कधी लिहिलं, आणि तेव्हा कशाची नड होती? मग एक आकडा दुसऱ्या आकड्याने तपासा. शेवटी त्या कागदावर कुणाचं नाव नाही ते शोधा.

विषय शंभर वर्षांपूर्वीचाच हवा असंही नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट सांभाळून शॉर्टफिल्म करणारं कुणी तुमच्याही ओळखीचं असेल. त्यांच्या पोस्टर, टीझर, मेकिंग व्हिडिओ यांत आज नोंद आणि जाहिरात तशीच एकत्र आहे. फक्त इथे एक सोय आहे : माणूस समोर आहे. त्याला कॅमेऱ्याच्या भाड्याची पावती दाखवायला सांगा, शूटिंगच्या तारखा विचारा, आणि जेवणाचे डबे कुणी पोचवले तेही विचारा. त्या नावाच्या माणसाला भेटायला जा.