अठ्ठावीस मजल्यांची पडवी

मृगाची पहिली जोरदार सर आली की कोकणातल्या घरात आधी भिजते ती पडवी, आणि ती भिजते म्हणूनच माजघर कोरडं राहतं. छपरावरून पागोळ्या गळत असतात, दर्शनी बाजूला विणलेल्या झावळ्यांचा आडोसा असतो, कोपऱ्यात टेकवलेली छत्री निथळत असते. पावसाला घरात येऊ द्यायचं, पण इथपर्यंतच.

पुढे साहेबाच्या बंगल्यात हीच जागा व्हरांडा झाली. हा शब्द वास्को द गामाच्या १४९८च्या सफरीच्या रोजनिशीतच सापडतो. पोर्तुगीजांनी तो बरोबर आणला की इथे उचलला, यावर वाद आहे. बंगला मात्र नावाप्रमाणे बंगालचा. मुंबईच्या जुन्या बंगल्यांना भोवताली व्हरांडे असत, त्यामुळे ऊनपाऊस खोल्यांच्या भिंतींपर्यंत पोचतच नसे.

इमारती उंच झाल्या आणि पडवी गेली.

मुंबईत हे फार जाचतं. समुद्र पश्चिमेला, वारा तिकडून. पण दुपारचं तळपतं ऊन आणि नैर्ऋत्येचा झोडपणारा पाऊसही तिकडचाच. खिडकी उघडावी तर गादी भिजते, लावावी तर जीव गुदमरतो.

मूळ गोव्याच्या कुटुंबातले वास्तुकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी यावर उत्तर शोधलं ते जुन्या बंगल्यात. कंबाला हिलवरची त्यांची ‘कांचनजंगा’ १९८३मध्ये पूर्ण झाली: सुमारे ८४ मीटर उंची, २८ मजले आणि घरं अवघी ३२. घरं पूर्व-पश्चिम आरपार, म्हणजे वारा एका बाजूने शिरून दुसरीकडे निघतो. खरी करामत कोपऱ्यांत आहे. तिथे इमारत कोरून दोन मजले उंच, खोल गच्च्या काढल्या आहेत. उन्हापावसाचा मारा त्या झेलतात, खोल्या मागे सावलीत राहतात. शिवाय एवढ्या उंचीवर झाडं लावायला अंगण मिळतं. गगनचुंबी इमारतीत पडवीला याहून मानाची जागा क्वचितच कुणी दिली असेल.

ही घरं श्रीमंतांची, हे खरं. पण पडवी कधी श्रीमंतांची मिरास नव्हती, म्हणूनच शहरभर बाल्कन्या काचा लावून खोलीत ओढलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं. चार फूट जागा वाढते आणि बाहेरची भिंत पुन्हा पावसाच्या तोंडी जाते. ‘कांचनजंगा’चे कोपरे मात्र रस्त्यावरूनही ओळखू येतात: पांढऱ्या भिंतीत कोरलेले सावलीचे खोल चौकोन, एकावर एक, थेट वरपर्यंत.